हात लावायला सांगणारं काम ही खरंच कला का?

तुम्ही विचारलंय की, प्रेक्षकाने हाताळायचं, अंगाशी धरायचं अशा कामाला कला का म्हणायचं, तो तर खेळ झाला. माझ्या मते ती अस्सल कला आहे. मला हे पटवलं लिजिया क्लार्क या कलाकाराने (१९२०–१९८८, ब्राझील).

१९६० पासून तिने ॲल्युमिनियमचे पत्रे बिजागऱ्यांनी जोडून शिल्पं केली, ती हाताळण्यासाठीच. एक पत्रा हलवला की दुसरा आपोआप सरकतो, म्हणून त्यांचं नावच ‘प्राणी’. पुढे तिने धातूही सोडला. १९६६ चं ‘दगड आणि हवा’ तुम्हाला घरी करता येईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा भरून तोंड घट्ट बांधा, एका कोपऱ्यावर गोटा ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी पिशवी हलकेच दाबा, सोडा. गोटा आत रुततो, पुन्हा वर येतो. मला तर झोपलेल्या बाळाच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी तिने एलियो ओइतिसिका या कलाकाराबरोबर ‘हातांचा संवाद’ केला. अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली इलॅस्टिकची पट्टी, ती दोघांच्या मनगटांत अडकवायची. बस्स. शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक काढून मी हे आईबरोबर करून पाहिलं. “हे काय खूळ!” म्हणाली, पण हात पुढे केला. मी मनगट वळवलं की तिचं ओढलं जायचं, मग ती मला ओढायची. आमच्याकडे मोठेपणी आईला हात लागतो तो पाया पडताना, नाहीतर आजारपणात. तिच्या तर्जनीवर विळीची जुनी खूण आहे, हे मला चाळिशीत कळलं.

पट्टी केवढी, पीळ किती, हे क्लार्कने ठरवलं. त्यातून दोघांत काय घडेल हे तिने मोकळं ठेवलं, आणि मला तिची प्रतिभा तिथेच दिसते. १९७२ ते ७६ मध्ये ती पॅरिसला सोरबोन विद्यापीठात शिकवत होती. रिओला परतल्यावर अशाच पिशव्या-गोटे माणसांच्या अंगावर ठेवून तिने एकेकावर उपचार केले.

आता तिची मूळ शिल्पं संग्रहालयांत बहुधा ‘हात लावू नये’च्या पाटीमागे असतात, याचं मला फार वाईट वाटतं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने निदान हाताळायला प्रतिकृती ठेवल्या होत्या. फोटो पाहून मत बनवू नका. आधी ती पिशवी फुगवा, आणि इलॅस्टिक बांधायचं तर समोरच्याला विचारून बांधा.