सुरुवात ठाण्याच्या किल्ल्यापासून करा

सत्तेचा इतिहास वाचायचाय म्हणून थेट रोम गाठू नका. ठाण्यात राहता ना? मग आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्लाच घ्या. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी.

दर वेळी दोनच प्रश्न विचारा:

- स्थानिक लोक कोणाकडे होते? पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचामुळे अंजूरचे गंगाजी नाईक मराठ्यांना मिळाले. हा धागा सोडू नका, मला सगळ्यात मोलाचा वाटतो.
- राज्यकर्त्यांच्या घरात काय चाललं होतं? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या भाऊबंदकीत साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, मराठ्यांच्या हातचं गेलं.

नवखे सगळं श्रेय तलवारीला देतात, नाहीतर एकाच माणसाला. सनावळ्या पाठ करत बसू नका, वाचता वाचता त्या बसतात. महसूल, तहांची कलमं नंतर बघू.