'ती भावनिक झाली' की 'तिला भरून आलं'?

प्रश्न असा आहे: मालिकांविषयीच्या मजकुरात 'निरोपाच्या प्रसंगी नायिका भावनिक झाली' अशी वाक्यं सर्रास दिसतात. ती बरोबर आहेत का? तिथे 'भावुक' हवं का? आणि 'मेलोड्रामा'ला मराठीत काय म्हणावं?

'भावनिक' म्हणजे भावनेशी संबंधित. शारीरिक, मानसिक, आर्थिक यांच्या पंगतीतलं हे विशेषण. भावनिक आधार, भावनिक कोंडी, भावनिक गुंतवणूक या ठिकाणी ते चपखल बसतं. पण ताप आला म्हणून कुणी 'शारीरिक' होत नाही, पैसे बुडाले म्हणून 'आर्थिक' होत नाही. मग रडू आलं म्हणून माणूस 'भावनिक' कसा होईल? इंग्रजीतला 'इमोशनल' प्रसंगालाही लागतो आणि माणसालाही, तिथून ही गफलत आली. माणूस भावुक होतो किंवा भावविवश होतो. प्रसंगाला 'भावनिक' म्हटलेलं मी चालवून घेईन, पण 'हृद्य' किंवा 'हळवा' हे शब्द हाताशी असताना मला त्याची गरज वाटत नाही.

'भावुक'मधला 'वु' ऱ्हस्व. 'कामुक'सारखा तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. 'नाजूक', 'चाबूक' फारसीतून आले म्हणून त्यांना शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहिण्याचा मराठीचा नियम लागतो. भागवताच्या आरंभी 'रसिका भुवि भावुकाः' अशी साद आहे. तिथला भावुक म्हणजे रसाची जाण असलेला माणूस. आज या शब्दात फक्त हळवेपणा उरला आहे, याचं मला वाईट वाटतं.

पण खरं सांगायचं तर अशा ठिकाणी मराठीला विशेषण लागतच नाही. मराठी माणूस दुःखाचं वर्णन क्रियापदाने करतो, आणि त्या क्रियापदांची वाक्यरचना फार बोलकी आहे. 'तिला भरून आलं', 'तिला गलबलून आलं', 'तिला भडभडून आलं', 'तिचा कंठ दाटला', 'तिचे डोळे पाणावले'. यातल्या एकाही वाक्यात 'ती' कर्ता नाही. भावना आली, ती तिच्यापाशी येऊन थडकली. आता दुसरी रांग पाहा: 'तिने हंबरडा फोडला', 'तिने टाहो फोडला', 'तिने आकांत मांडला', 'तिने गळा काढला'. इथे 'ने' आला आणि रडणं ही कृती झाली, चार जणांना ऐकू जाईल अशी. हंबरडा खराही असतो; वासरासाठी हंबरणाऱ्या गाईचा आवाज त्या शब्दात आहे. पण 'गळा काढला' म्हणताच बोलणाऱ्याला त्या रडण्याचा संशय आहे हे कळतं.

दैनंदिन मालिकेची सगळी ओढ या दुसऱ्या रांगेकडे असते. रोजचा भाग ठरल्या वेळी एका टोकावर आणून सोडायचा असतो, आणि दाटलेल्या कंठापेक्षा फोडलेला टाहो तिथे सोपा पडतो. 'स्फुंदणं' आणि 'मुसमुसणं' यांतला फरक दाखवायला कॅमेऱ्याला थांबावं लागतं. स्फुंदताना श्वास हलतो, खांदे हलतात. मुसमुसताना सगळं नाकातोंडात दाबलेलं असतं, कुणाला कळू नये म्हणून.

'मेलोड्रामा'तला 'मेलोस' हा ग्रीक शब्द, अर्थ गाणं. या प्रकाराचा एक आरंभीचा नमुना म्हणजे तत्त्वज्ञ-लेखक रूसोचं 'पिग्मॅलियन'. ते १७७० मध्ये फ्रान्समधल्या लियाँला रंगमंचावर आलं, त्यात बोलणं आणि वाद्यसंगीत आळीपाळीने येत होतं. म्हणजे सुनेच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जातो आणि दर वेळी संगीत आदळतं, ते शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच आहे. त्यासाठी 'अतिनाट्य' हा प्रतिशब्द सुचवला जातो, पण त्यातला 'अति' आधीच निकाल देऊन मोकळा होतो. मेलोड्रामा हा नाट्यप्रकार आहे, तो उत्तमही असू शकतो. म्हणून प्रकाराचं नाव 'मेलोड्रामा' हेच ठेवावं आणि दोष दाखवायचा असेल तेव्हा 'भडक' किंवा 'बटबटीत' म्हणावं.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. मराठीने हे सगळे बोलीत मुरवले आहेत. जागच्या जागी खिळणं, घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज कापरा होणं, हातपाय लटपटणं, चेहरा पांढराफटक पडणं, डोळे भरून येणं, शुद्ध हरपणं. आठांत अश्रू एकच, तोही सातवा.

म्हणून मालिका लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. संवादाआधी कंसात '(भावनिक होऊन)' असं लिहू नका. तेवढ्यावरून अभिनेत्री काय करणार? तिला रडावंच लागणार. त्याऐवजी '(आवंढा गिळत)' लिहा, '(पदराचं टोक बोटाला गुंडाळत)' लिहा, '(आवाज कापरा)' लिहा. मग संवाद 'जेवून जा' एवढाच असला तरी चालेल.