पवनचक्क्यांखालची मासळी

प्रश्न: समुद्रात पवनचक्क्या उभारल्या की मासळी वाढते, असं प्रकल्पवाले सांगतात. मच्छीमार म्हणतात, धंदा बसतो. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही. मासळी वाढणं वेगळं आणि ती हाती लागणं वेगळं. बेल्जियम-नेदरलँड्सकडच्या पाण्यात खांबांवर शिंपल्यांचा जाड थर चढलेला दिसतो. बुंध्याची वाळू वाहून जाऊ नये म्हणून भोवती दगड टाकतात. त्यांच्या फटींत खेकडे राहतात आणि खाद्याच्या मागे कॉड मासाही येतो. मात्र आजूबाजूचेच मासे तिथे गोळा झाले असतील, तर एकूण साठा आहे तेवढाच राहतो.

पकडायचं म्हटलं की सगळं साधनावर येतं. पिंजरे लावणारा खांबांमधून वाट काढू शकतो. जाळं तळावरून ओढत नेणाऱ्या ट्रॉलरला ते अवघड, कारण जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या तळाला घासत जातात आणि लांब दोर मागे असताना पटकन वळता येत नाही. वीज नेणारी केबल साधारण एक-दोन मीटर खोल पुरलेली असते खरी, पण वाळू सरकली की ती उघडी पडते. फळी तिच्यात अडकली तर जाळं तर जातंच, छोटी बोट कलंडूही शकते. म्हणून ब्रिटनमध्ये चालू प्रकल्पांत सरसकट बंदी नसतानाही बरेच ट्रॉलर आत शिरत नाहीत. बेल्जियममध्ये तर मनाईच आहे. मग त्या बोटी शेजारच्या पाण्यात गर्दी करतात. भरपाईच्या हिशेबातून हा भाग सहज सुटतो.

प्रश्न: माशांना सर्वांत जास्त त्रास कधी होतो?

उत्तर: खांब ठोकताना. एका खांबाला हजारो ठोके लागू शकतात. शरीरात हवेची पिशवी असलेल्या कॉड, हेरिंगला त्या आवाजाचा फटका जास्त, पिशवी नसलेल्या चपट्या माशांना कमी. म्हणून मासे आधी दूर जावेत यासाठी सुरुवातीचे ठोके हलके मारतात. शिवाय खांबाभोवती तळावर भोकांची नळी अंथरून कॉम्प्रेसरनं हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा आवाज अडवतो. प्रवाह जोराचा असेल तर बुडबुडे वाहून जातात आणि पडदा फाटतो. जर्मनीत 750 मीटरवर एका ठोक्याची मर्यादा 160 डेसिबल आहे (पाण्यातले, हवेतल्या डेसिबलशी ताडू नयेत). विणीच्या महिन्यांत ठोकाठोकी न करणं हा त्याहून साधा उपाय.

प्रश्न: केबल पुरली की तिचं चुंबकीय क्षेत्र थांबतं का?

उत्तर: नाही. वाळू ते अडवत नाही, फक्त मासा आणि केबल यांच्यातलं अंतर वाढतं आणि तेवढा परिणाम कमी होतो. या चुंबकीय क्षेत्रातून पाणी किंवा मासा सरकला की क्षीण विद्युत क्षेत्र तयार होतं. शार्क आणि पाकट यांना अगदी क्षीण विद्युत क्षेत्रही जाणवतं, त्यामुळे त्यांच्या वाटेवर केबल खोल पुरलेली बरी.