पंखा फिरतोय, पण कुठल्या बाजूला?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या भंवरकुआं चौकात सिग्नलला गाडी उभी राहिली की टेंपरेचरचा लाल दिवा लागतो आणि बायपासला लागलं की विझतो. रेडिएटरच्या पंख्याची मोटर मागच्या वर्षी बदलली आहे, पंखा फिरताना दिसतो, मिस्त्री म्हणतो ‘डायरेक्ट करून देतो’ (म्हणजे पंखा थेट बॅटरीवर जोडून सतत चालू ठेवायचा), आणि वर्कशॉपने रेडिएटर बदलायचं एस्टिमेट दिलंय. हे दुखणं मी भोगलंय, म्हणून लिहितो. कूलंटची पातळी तुम्ही पाहिली असेलच.

उभ्याने तापते आणि पळताना निवते, म्हणजे बहुधा हवा कमी पडतेय. रेडिएटर आतून चोंदला असता तर दिवा बायपासवर किंवा भेरूघाटाच्या चढावर आधी लागला असता. त्यामुळे ते एस्टिमेट तूर्त बाजूला ठेवा.

आधी एक ताव कागद घ्या. इंजिन आणि एसी चालू करा, पंखा लागला की कागद पुढच्या जाळीवर धरा. कागद जाळीला चिकटायला हवा. बाहेर फेकला गेला, तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना कनेक्टर जुळत नाही, मग तो कापून वायरी पिळून जोडतात, आणि त्यात दोन वायरींची अदलाबदल झाली की साधी डीसी मोटर उलटी फिरते. आवाज तोच, वेग जवळपास तोच. पण उभ्या गाडीत ती इंजिनजवळची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलते. पळताना समोरचा वारा तिला पुरून उरतो, म्हणून दिवा विझतो.

माझी चूक हीच, की ‘पंखा चालतोय ना’ हे मी मान्य केलं. ज्या वर्कशॉपने मोटर बसवली, त्यांनीच नंतर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप आणि शेवटी रेडिएटर बदलला. तिन्ही जुने भाग ठीक होते. तोवर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं आणि हेड घासून घ्यावं लागलं. लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग हातात मागून घ्या, एवढं तरी करा.

कागद चिकटला, तर पुढे बघा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लागायलाच हवा. एसीने लागतो पण तापून लागत नाही, तर मोटर ठीक आहे. संशय कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर, त्याची वायर किंवा रिले (पंख्याचा इलेक्ट्रिक स्विच) यांच्यावर. चालू इंजिनवर कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढा: बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सुरक्षेसाठी पंखा लगेच लावतो. त्याने सेन्सरच्या बिघाडाचा पी0118 कोड नोंदला जाईल, तो नंतर पुसता येतो. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेग बंद आणि जोराचा चालू असेल, तर रेझिस्टर जळलेला असतो. मोटरवर हळूच ठोकल्यावर पंखा फिरू लागला, तर बहुधा मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत. पंखा चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर जोड किंवा अर्थिंग खराब.

दिव्यावर विसंबू नका, स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून तापमान बघा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि पंखा 95 ते 100च्या आसपास लागतो. 105च्या वर जात असेल तर गाडी खरंच तापतेय. रीडर 92 दाखवतोय आणि दिवा लागलाय, तर बिघाड बहुधा सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये.

पंखा डायरेक्ट करणं आणि थर्मोस्टॅट काढून टाकणं, हे दोन्ही उपाय मला मुळीच पटत नाहीत. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि फ्यूजशिवाय ओढलेली बारीक वायर वितळते. खरा दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

आणखी एक: देपालपूर-सांवेरकडे गव्हाच्या काढणीत फिरणं झालं असेल, तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या फटीत भुसा अडकतो. इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात. कूलंटच्या टाकीत मात्र नर्मदेचं वा बोरिंगचं नळाचं पाणी नको, कंपनीने सांगितलेलं तयार कूलंटच भरा. गरम इंजिनवर झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला, कारण दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळतं.

तुमची गाडी मी पाहिलेली नाही. तिच्या पंख्यावर वेगळं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल, किंवा ती हायब्रिड असेल, तर वायरी उलटसुलट करून किंवा थेट बॅटरी लावून बघू नका, मॉड्यूल जळेल. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक लागतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

कागद चिकटला की उडाला, आणि सिग्नलला उभं असताना रीडरने किती अंश दाखवले, तेवढं इथे लिहा.