शंका-समाधान : चेतापेशीतली वीज आणि रसायनं

प्रश्न : चेतातंतू म्हणजे विजेची तार, असं शिकवणीत सांगितलं. मग पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी चटका आणि मग ठणका, असं दोनदा का कळतं? वीज इतकी रेंगाळते?
– बारावीची विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ती तार आधी डोक्यातून काढून टाका, निम्मा घोळ तिथेच मिटेल. तारेत विद्युतप्रवाह लांबीने धावतो. तंतूत आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, मुख्यतः आडवे, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या (पटलाच्या) आतबाहेर ये-जा करतात आणि संदेश पुढच्या जागी दर वेळी नव्याने उभा राहतो. म्हणूनच मीटरभर गेला तरी तो क्षीण होत नाही.

शांत पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असतो. पोटॅशियम आत लिटरला साधारण 140 मिलिमोल, बाहेर जेमतेम 4. सोडियमचं उलट: बाहेर 145, आत 12 च्या आसपास. हा फरक पटलातला प्रथिनाचा पंप राखतो. एका एटीपीमागे, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या एका रेणूमागे, 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. व्होल्टेज उणे 55 च्या आसपास चढलं की सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे पटलातली सोडियमची दारं, धडाधड उघडतात आणि आतला भाग +30 ते +40 मिलिव्होल्टपर्यंत जातो. मिलिसेकंदाच्या आतच त्या वाहिन्यांना आतून अडसर लागतो. तोवर पोटॅशियमच्या वाहिन्या उघडलेल्या असतात; पोटॅशियम बाहेर पडतं आणि व्होल्टेज खाली येतं. परीक्षेत इथे हमखास 'पंपामुळे' असं लिहिलं जातं. ते चूक आहे; पंप इतका झटपट काम करत नाही. पटल पुन्हा ऋण झाल्याशिवाय अडसर निघत नाही, त्यामुळे संदेश मागे वळत नाही. हा अडसर लक्षात ठेवा, तिसऱ्या उत्तरात लागेल.

आता ठेच. वेदनेचे तंतू दोन जातींचे. एकावर मायलिनचं पातळ आवरण असतं, त्याचा वेग सेकंदाला 5 ते 30 मीटर. दुसरा उघडा, अर्धा ते दोन मीटर. अंगठ्यापासून मेरुरज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरा: सेकंदाला 20 मीटरने चटका 50 मिलिसेकंदांत पोचतो, तर 1 मीटरने निघालेला ठणका पूर्ण सेकंद घेतो. मायलिन असलेल्या तंतूत सोडियमच्या वाहिन्या आवरणातल्या बारीक फटींत दाटलेल्या असतात आणि संदेश फटीफटीतून उड्या मारत जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारात हे आवरण झडतं. मग संदेश मंदावतो किंवा वाटेतच थांबतो.

प्रश्न : दाढ सुजली होती. डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं, तरी बधिर होईना. औषध जुनं असेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडियमच्या वाहिनीला आतल्या बाजूने बुच मारतं. आत शिरायला त्याचा विद्युतभाररहित रेणूच लागतो. निरोगी ऊतीच्या 7.4 पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; आकडा कमी तर आम्लता जास्त) असे रेणू सुमारे 24 टक्के असतात; पू झालेल्या जागी पीएच 6.4 पर्यंत उतरला तर 3 टक्केच उरतात. तिथेच आणखी औषध टोचून फारसं साधत नाही, मात्रा मात्र वाढत जाते. सुजेपासून दूर, मुख्य नस जिथून येते तिथे इंजेक्शन देणं किंवा आधी पू काढणं, हे मार्ग जास्त कामाचे.

प्रश्न : सोयाबीनवर फवारणी करताना गड्याला घाम सुटला, लाळ गळू लागली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. दवाखान्यात अॅट्रोपीन दिलं. विषाने नेमकं काय केलं?
– एक शेतकरी, सांवेर

उत्तर : ही ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं. संदेश तंतूच्या टोकाला पोचला की कॅल्शियम आत शिरतं, अॅसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाच्या पिशव्या पटलाला चिकटून फुटतात आणि ते रसायन पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहकांना (निरोप घेणाऱ्या रेणूंना) जाऊन लागतं. स्नायूजवळची फट असते सुमारे 50 नॅनोमीटरची. काम होताच अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करतं. विष या विकरालाच चिकटतं, मग अॅसिटिलकोलीन साचत जातं. ग्रंथी पाझरत राहतात. स्नायू आधी थरथरतात आणि मग लुळे पडतात, कारण पटल ऋण होऊच शकत नाही आणि सोडियमच्या वाहिन्यांचा तो अडसर निघत नाही. श्वासाचे स्नायू थांबले की जीव जातो.

अॅट्रोपीन ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांच्यावरचे ग्राहक झाकतं. हातापायांच्या किंवा श्वासाच्या स्नायूंना त्याचा उपयोग नाही. म्हणून तोंड कोरडं पडलं तरी श्वासावर नजर हवीच. विकर सोडवायला प्रॅलिडॉक्सिम देतात, पण बंध पक्का होण्याआधीच. डायमेथोएटसारख्या डायमिथाइल गटाच्या कीटकनाशकांत निम्मं विकर पावणेचार तासांत कायमचं निकामी होतं. क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल गटाच्या कीटकनाशकांत त्याला सुमारे 33 तास लागतात. त्यामुळे डबा किंवा त्यावरचं लेबल दवाखान्यात न्यायलाच हवं.

शेतावर असताना आधी 108 ला फोन. हातमोजे घालून कपडे उतरवा, अंग, केस आणि नखं साबणाने भरपूर पाण्यात धुवा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. रोगी गुंगीत असेल तर ते फुप्फुसात जातं. उतरवलेले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, कातडी चप्पल तर टाकूनच द्या. कातड्यात मुरलेलं विष धुऊन जात नाही.