छाटणीच्या फांद्या-पानांतून रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अंगणात आंबा, पेरू, जांभूळ आणि फणस आहेत. छाटणीत निघालेल्या मालातून सुती कापड रंगवता येईल का? (चिपळूण)

येईल. आधी फणसाचं सांगतो, कारण निराशा तिथेच होते. फणसाचा पिवळाधमक रंग लाकडाच्या गाभ्यात असतो. छाटणीतल्या बारीक फांद्या आतून पांढऱ्या असतात. त्या कितीही उकळा, पाणी फिकटच राहतं. जुनी जाड फांदी उतरवली असेल आणि कापात पिवळा गाभा दिसत असेल, तरच ती तासून घ्या. नाहीतर फणसाचं काम करणाऱ्या सुताराकडून भुसा आणा.

तुरटी लावलेल्या (क्रम पुढच्या उत्तरात) कापडावर आंब्याची पानं पिवळा रंग देतात, पेरूची बदामी. जांभळीची साल तपकिरी जाते. साल फांदी ओली असतानाच सोला, वाळली की चिकटून बसते. उभ्या झाडाची साल मात्र काढू नका. खोडाभोवती गोल सोलली तर झाड मरतं.

१०० ग्रॅम कोरड्या कापडाला ताजी पानं २५० ते ३०० ग्रॅम, साल किंवा फणसाचा भुसा १०० ग्रॅम लागतो. साल आणि भुसा रात्रभर भिजवा. मग तासभर मंद उकळून पाणी फडक्यातून गाळा. कापड मोकळं हलेल इतकं, म्हणजे साधारण चार लिटर, पाणी हवं. पातेलं स्टीलचं आणि फक्त रंगाचंच ठेवा.

प्रश्न : आंब्याच्या पानांत सुती लडी रंगवल्या. पाण्यात मीठ आणि व्हिनेगर घातलं होतं, तरी दोन धुण्यांत रंग गेला. (कोल्हापूर)

मीठ आणि व्हिनेगर सुतावर हा रंग धरून ठेवत नाहीत. हा सल्ला सगळीकडे फिरतो, पण तो विसरलेला बरा. रंग धरते तुरटी, आणि सुताला तुरटी नुसती नीट लागत नाही. आधी हिरड्यासारखा तुरट पदार्थ द्यावा लागतो.

१०० ग्रॅम सुताचा क्रम असा. चार लिटर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून सूत तासभर उकळा. नव्या सुतातलं मेण आणि खळ निघून पाणी पिवळट होईल. धुतल्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो लगेच शोषला गेला नाही तर पुन्हा उकळा. बहुतेकांचा रंग इथेच फसतो : डाग-डाग बसतो आणि लवकर उतरतो.

नंतर २० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून गाळा आणि लडी त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पिळा, धुऊ नका, सावलीत वाळवा. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून लडी दोन तास बुडवा. हलकं खंगाळा आणि ओलंच सूत रंगात घाला. पाऊण तास गरम ठेवा, खळखळून उकळू नका. रंगाच्याच पाण्यात थंड होऊ द्या.

हिरड्याचा स्वतःचा फिकट पिवळा रंग खाली राहतो, पिवळ्या छटांना तो साजतोच. पुढे रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पानांचे पिवळे रंग उन्हात विटतात, त्याला हिरड्या-तुरटीचाही पूर्ण इलाज नाही.

प्रश्न : सगळं नीट करूनही पिवळ्याऐवजी मळकट हिरवा रंग आला. बोअरचं पाणी वापरलं. (नगर)

लोहावर संशय घ्या : पाण्यात असेल, नाहीतर गंजलेल्या बादलीत किंवा पोचा पडलेल्या एनॅमलच्या भांड्यात. पानांतलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र आले की रंग काळवंडतो. पावसाचं पाणी वापरून चिंधीवर चाचणी घ्या.

हीच गोष्ट मुद्दाम करता येते. चार लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून रंगवलेलं सूत पाच मिनिटं बुडवा. आंब्याचा पिवळा शेवाळी होतो, पेरूचा करडा. हातमोजे घाला, हिराकस मुलांपासून दूर ठेवा. जास्त घातलं तर धागा कुजतो, म्हणून शेवटी भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न : लोकरीची लडी रंगवताना आटून गोळा झाली. (पुणे)

लोकर एकदम गरम-गार केली किंवा उकळत्या पाण्यात ढवळली की आटते. लडी कोमट पाण्यात घाला, आच हळूहळू वाढवा, ८० अंशांच्या आसपास थांबा. लोकरीला धुण्याचा सोडा आणि हिरडा नको. १०० ग्रॅमला १० ते १२ ग्रॅम तुरटी पुरते. त्याहून वाढवली तर धागा चिकट लागतो.

प्रश्न : कण्हेरीची छाटणी चालेल का? (सोलापूर)

नाही. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, ती उकळूही नका आणि जाळूही नका.