घर गुण्यात नसेल, तर नकाशा कशात काढायचा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: घर जुनं, तीन वेळा वाढवलेलं, एकही खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. दोन-तीन ॲप वापरून पाहिली, पण प्रत्येकात शेवटची भिंत पहिल्या भिंतीला भिडताना 14 सेंटिमीटर कमी पडतात. तेव्हा कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि फोनने स्कॅन करून भागेल का?

आधी त्या 14 सेंटिमीटरचं बघू. चारही भिंतींची लांबी मोजली की खोली ठरली असं आपल्याला वाटतं, पण ती ठरत नाही. चार पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौकोन करा आणि एक कोपरा दाबा. पट्ट्यांची लांबी तीच राहते, आकार मात्र बदलतो. ॲपला तुमच्या खोलीचे कोन कोणी सांगितलेलेच नसतात, म्हणून ते सगळीकडे 90 अंश धरतं आणि सगळी तफावत शेवटच्या भिंतीच्या माथी मारतं. 4 मीटरच्या भिंतीत 1 अंशाचा फरक असला तर टोक सुमारे 7 सेंटिमीटर सरकतं. 2 अंश झाले की झाले तुमचे 14. खोलीत उभं राहून 2 अंश जाणवतसुद्धा नाहीत.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी एकच गोष्ट बघतो: याला कर्ण देता येतो का, आणि मी वाकडी काढलेली भिंत हे वाकडीच राहू देतं का? सुंदर सोफे, उन्हाच्या तिरिपा, थ्रीडी फेरफटका हे सगळं नंतर. बहुतेक घरसजावटीची ॲप नव्या, सरळ घरांसाठी केलेली असतात. भिंत जरा कललेली दिसली की ती लगेच सरळ करतात, आणि तेही न विचारता.

मोजमापाचं गणित सोपं आहे. चार कोपऱ्यांच्या खोलीला चार बाजू आणि एक कर्ण, म्हणजे पाच मापं लागतात. सहा कोपऱ्यांच्या खोलीला सहा बाजू आणि तीन कर्ण. कोपरे जितके, त्यातून तीन वजा केले की किमान कर्ण किती ते कळतं. यापेक्षा एक कर्ण जास्तीचा घ्याच, तो तपासणीसाठी. नकाशात तो आपोआप जुळला तर बाकीची मापं बरोबर. कर्ण निवडताना फार निमुळते त्रिकोण टाळा, त्यात 5 मिलिमीटरची चूकही कोपरा कुठच्या कुठे नेते. लेझर मीटर असेल तर उत्तम (साध्या यंत्राची चूकही 2 मिलिमीटरच्या आसपासच असते), नसेल तर पोलादी टेप आणि टोक धरायला एक माणूस. जुन्या भिंती ओळंब्यातही (अगदी सरळ उभ्या) नसतात, त्यामुळे सगळी मापं जमिनीपासून एकाच उंचीवर घ्या, साधारण 1 मीटरवर. एक माप स्कर्टिंगपाशी आणि दुसरं छातीपाशी घेतलंत तर कोणतंच सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवू शकणार नाही. एका भिंतीवर खिडक्या-दारं असतील तर टेप एकाच टोकाला धरून ठेवा आणि पुढे पुढे वाचत जा. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली की चुकांचीही बेरीज होते.

आणि मिलिमीटरमध्ये लिहा, कृपा करून. 10 फूट 6 इंच आपण सवयीने 10.6 लिहितो. सॉफ्टवेअर ते 10 फूट 7.2 इंच असं वाचतं, आणि मग माणूस रात्रभर भिंत शोधत बसतो.

आता नावं घेतो.

स्वीट होम थ्रीडी मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि नवख्या माणसाला एका संध्याकाळी येतं. भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन आकड्यांत टाकता येतात. मात्र त्यात चुंबकत्व नावाची सोय मुळातच चालू असते, ती भिंतीला 15 अंशांच्या पटीत ओढते. तुमच्यासारख्या घरात पहिलं काम म्हणजे प्राधान्यांमध्ये जाऊन ती बंद करणं. दुसरी मेख जाडीची. भिंतीची रेषा तिच्या मध्यातून जाते, तुम्ही मात्र मोजता आतल्या पृष्ठभागावरून. आतली लांबी जशीच्या तशी टाकली तर खोली बारीक होते. आणि कर्ण थेट टाकायची सोय त्यात नाही, म्हणून अचूक नकाशा मी त्यात काढत नाही.

तो मी लिब्रेकॅडमध्ये काढतो. द्विमितीय आहे, दिसायला रुक्ष आहे, पण शाळेतल्या कंपासपेटीसारखं चालतं. एक भिंत रेषेने काढा. तिच्या एका टोकावरून शेजारच्या भिंतीच्या लांबीचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावरून कर्णाच्या लांबीचं वर्तुळ, आणि दोन्ही छेदतात तो तिसरा कोपरा. तसाच चौथा. मग उरलेला कर्ण मोजून बघा. पहिल्या खोलीला अर्धा तास जाईल, पाचवीला दहा मिनिटं.

संगणकाशी झटापट करायची आवड असेल तर फ्रीकॅड. त्याच्या स्केचरमध्ये (रेषा काढायच्या विभागात) अंदाजे चौकोन काढायचा, एक कोपरा मूळबिंदूवर ठेवायचा, एक भिंत आडवी करायची आणि मापं टाकत जायची. आकार आपोआप योग्य जागी सरकतो, आणि सगळं पक्कं ठरलं की रेषा हिरव्या होतात. काही ठरायचं राहिलं असेल तर हिरव्या होतच नाहीत, म्हणजे कोणतं माप घ्यायचं राहिलं ते बसल्या जागी कळतं. फक्त रेषांना आपोआप आडवं-उभं करणारा पर्याय आधी बंद करा, नाहीतर पुन्हा सगळं काटकोनात. तपासणीचा कर्ण टाकताना तो संदर्भ माप (नुसतं वाचायचं माप) म्हणून टाका, बंधन (आकार ठरवणारं माप) म्हणून टाकलात तर प्रोग्राम तक्रार करेल.

स्केचअप मला छतासाठी आवडतं, उतरती छपरं आणि पोटमाळे त्यात पटकन उभे राहतात. निव्वळ नकाशासाठी त्याची गरज नाही.

फोनच्या स्कॅनबद्दल. लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असलेले आयफोन 2020 पासून आहेत, आणि 2022 मध्ये ॲपलने रूमप्लॅन ही ॲप बनवणाऱ्यांसाठीची खोली-स्कॅनची सोय आणल्यापासून खोलीत फिरून नकाशा मिळवणारी ॲप वाढली. मी स्कॅन जरूर करतो, पण आठवणीसाठी: स्विच कुठे होता, पाइप कुठून जातो, खिडकी कोणत्या बाजूला उघडते. त्या मापांवर कपाट बनवायला देऊ नका, काही सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. शिवाय स्कॅनला भिंतीचा आतला पृष्ठभाग तेवढा दिसतो, जाडी दिसत नाही.

आणि जुन्या घरात खरी गंमत जाडीतच असते. भिंतीची जाडी दारा-खिडकीच्या चौकटीपाशी मोजा, आणि खोल्या एकमेकींना जोडताना उघड्या दारातून आरपार तिरपी मापं घ्या. शेवटी बाहेरून घराची पूर्ण लांबी मोजून नकाशाशी ताडून बघा. आमच्या घरात असं केल्यावर दोन खोल्यांच्या मधली भिंत पाऊण मीटर जाड निघाली. मापं चुकली म्हणून मी दोनदा पुन्हा मोजली, तरी तेच. मग ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज. आत कधीतरी बुजवलेलं भिंतीतलं कपाट होतं, फळ्यांसकट. चौकोनी खोल्यांच्या ॲपमध्ये काढलं असतं तर ती जागा इतर फरकांत विरघळून गेली असती. त्यामुळे नकाशा जुळत नसेल तर भिंत ओढून जुळवू नका. फरक नेमका कुठे आहे ते आधी शोधा.

उलट अनुभवही आहे. दोन भिंतींच्या मध्ये बसवायच्या कपाटासाठी मी रुंदी फक्त समोरून घेतली होती. मागे ती 4 सेंटिमीटर कमी होती. कपाट दारापर्यंत आलं, आत शिरलं आणि निम्म्यावर अडकलं. सुताराने एक शब्दही न बोलता माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून अशा जागेची रुंदी पुढे, मागे, खाली आणि वर अशी चार ठिकाणी घेतो आणि सर्वांत लहान आकडा धरतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला: घरातली सर्वांत वाकडी खोली निवडा, तिची मापं कर्णांसकट घ्या आणि तेवढी एकच खोली लिब्रेकॅडमध्ये काढून बघा. जमलं तर सगळं घर त्यातच काढा. जुनं बांधकाम, पाडायचं आणि नवं असे तीन वेगळे थर (लेयर) ठेवा, म्हणजे पुढे विचार बदलला तरी मूळ नकाशा शाबूत राहतो. मग तो चित्र म्हणून बाहेर काढून स्वीट होम थ्रीडीत पार्श्वभूमी म्हणून लावा. एका ज्ञात अंतरावरून त्याचं प्रमाण ठरवता येतं. त्यावरून भिंती गिरवा आणि फर्निचर तिथे हलवत बसा. वास्तुविशारदाला मात्र लिब्रेकॅडची डीएक्सएफ फाइल (इतर कॅड प्रोग्राममध्येही उघडणारी) द्या, गिरवलेली प्रत नको.

कोणती भिंत भार घेते हे यांपैकी एकाही प्रोग्रामला कळत नाही. नकाशावर पातळ दिसणाऱ्या भिंतीवरही वरची तुळई टेकलेली असू शकते, तेव्हा पाडायच्या थरात काही टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष घरी बोलवा.

वरच्या मजल्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेलच. तो स्वतंत्र मोजा, खालच्याची प्रत करून चालू नका. दोन्ही मजले जुळवायला जिन्याची पोकळी वापरा: वरच्या कठड्यापासून दोन ठिकाणी ओळंबा खाली सोडा आणि तो खाली जिथे टेकतो ते दोन बिंदू दोन्ही नकाशांत घ्या. एकच बिंदू घेतला तर वरचा मजला त्याच्याभोवती फिरतो.